पंडिता रमाबाईंचा जमाखर्च

पंडिता रमाबाई ह्यांचे नाव ज्याच्या कानावर गेले नाही असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. त्यांची विद्वत्ता, त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर, केडगावचे मुक्तिसदन, ह्यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. परंतु बाईंच्या चरित्राचे एक अंग असे आहे की, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कर्जाने घर कसे मोडते हे त्यांनी लहानपणी भोगले, आणि कर्जातून घर कसे सुटते हे त्यांनी तरुणपणी स्वतः करून पाहिले. आज त्यांच्या आयुष्याचा तेवढाच भाग वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

हे लिहिण्यास कारण असे झाले. पनवेल तालुक्यातील नावडे गावी आमची काही कुटुंबे आठवड्यातून एकदा संध्याकाळी उपासनेस जमतात. पूर्वी हा सारा मुलूख भातशेतीचा. पुढे तळोज्यास कारखाने आले, १९७० नंतर नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या, आणि शेतकऱ्याच्या हाती एकदम रोख पैसा आला. तो पैसा कोठे गेला हे आता त्यांच्या नातवंडांसही सांगता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एक भाऊ उपासना आटोपल्यावर मागे थांबला. मुलीच्या लग्नाचे देणे, त्यातही हळदीच्या रात्रीच्या जेवणाचे देणे, वर मोटारसायकलचा हप्ता, आणि एक हप्ता चुकला म्हणून दुसरीकडून घेतलेली उसनवारी, हे सारे त्याने मला सांगितले. त्याने माझ्याजवळ पैसे मागितले नाहीत; प्रार्थना करा एवढेच म्हणाला. मी प्रार्थना केली. पण घरी येताना नावडे रोडच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असता मला रमाबाईंच्या वडिलांची आठवण झाली.

अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान गृहस्थ. म्हैसूरच्या दरबारी त्यांनी मान व धन ही दोन्ही मिळविली होती. आपल्या पत्नीस संस्कृत शिकवावयाचे त्यांनी मनात घेतले, आणि त्या काळी हा केवढा अपराध मानला गेला असेल हे आपणांस ठाऊकच आहे. लोकांच्या त्रासास कंटाळून ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे, जेथे तुंगा व भद्रा ह्या नद्यांचा उगम आहे, तेथे आश्रम बांधून राहिले. तेथेच ता. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात विद्यार्थी येत. विद्यार्थ्याकडून पैसा घ्यावयाचा नाही, उलट त्यास जेवू घालावयाचे, अशी जुनी रीत होती. शिवाय ते स्थान तीर्थाचे. यात्रेकरू येत, साधू येत, दूरचे आप्त येत, आणि शास्त्रीबोवांच्या घरी पान वाढल्यावाचून कोणी परत जात नसे. लक्ष्मीबाई दिवसभर चुलीपाशी असत व उरलेल्या वेळात नवऱ्याजवळ धडा घेत. असे तेरा-एक वर्षे चालले. शेताचे उत्पन्न घरापुरते होते, गावजेवणापुरते नव्हते. उणे पडले ते कर्जाने भरून काढले. शेवटी देणे भागविण्यासाठी त्यांना आपल्या वाट्याच्या जमिनीवर पाणी सोडावे लागले, असे चरित्रांत सांगितले आहे. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता ते कुटुंब घर सोडून निघाले. ह्या तान्ह्या मुलीस वेताच्या टोपलीत घालून एका हमालाच्या डोक्यावर दिले होते. ज्या बाईच्या नावाने पुढे शेकडो निराश्रितांस घर मिळाले, तिला स्वतःस घर म्हणून आठवेल असे काहीच मिळाले नाही.

येथे मी वाचकांस थोडे थांबवितो. अनंतशास्त्री दारूबाज नव्हते, जुगारी नव्हते, आळशी नव्हते. त्यांचे कर्ज परोपकाराचे होते. आमच्या मंडळ्यांत कर्जाविषयी बोलताना आपण व्यसनाचा विषय काढतो, आणि ज्याला व्यसन नाही तो निश्चिंत बसतो. पण पंगतीचे कर्ज आणि गुत्त्याचे कर्ज ही दोन्ही सावकाराच्या वहीत एकाच शाईने लिहिली जातात. ज्याचे मन मोठे आहे त्याने तर जास्तच मोजून चालले पाहिजे, कारण त्यास नाही म्हणता येत नाही हे सर्वांस ठाऊक असते.

घर सुटल्यावर ही मंडळी पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागली. देवळाच्या आवारात बसून पोथी वाचावी, ऐकणाऱ्यांनी धान्य, वस्त्र, चार नाणी ठेवावी, ह्यावर संसार. मागावयाचे कोणापाशी नाही, हा शास्त्रीबोवांचा बाणा. वर्षानुवर्षे हे बरे चालले. काही दागिने, चांगली वस्त्रे, रुप्याची भांडीही गाठीस जमली. परंतु मुलांस संस्कृताखेरीज दुसरी काही विद्या दिली नाही, हाताचे काम शिकविले नाही, आणि वाईट दिवसांकरिता वेगळे असे काही राखिले नाही. मग १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडू लागला. शास्त्रीबोवा थकले होते, डोळे गेले होते. देव प्रसन्न व्हावा म्हणून शिलकीतला पुष्कळ पैसा दानधर्म व अनुष्ठाने ह्यांत खर्च झाला. तो संपल्यावर घरातल्या वस्तू निघू लागल्या.

प्रथम दागिने गेले. मग किमती लुगडी व शेले गेले. मग रुप्याची भांडी. आणि सर्वांच्या शेवटी तांब्यापितळेची, म्हणजे ज्यांत रोजचा भात शिजवावयाचा ती. रमाबाईंनी पुढे दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या त्यांत हा क्रम दिला आहे, व तो वाचताना अंगावर काटा येतो. भांडी विकून आणलेले तांदूळ शिजवावयास भांडे राहिले नाही, असा तो प्रसंग.

दुष्काळात वस्तू विकणे म्हणजे काय हे शेतकऱ्यास समजावून सांगणे नको. त्या वर्षी गावातले प्रत्येक घर भांडी घेऊन बाजारात उभे असते, आणि घेणारे दोन-तीनच असतात. पितळेचा भाव उतरतो, दाण्याचा चढतो. सुकाळात ज्या हंड्यास महिन्याचे धान्य आले असते त्यास आठवड्याचेही येत नाही. शास्त्रीबोवांच्या घरी विकण्यासारखे पुष्कळ होते. फक्त ते विकले उशिरा. गंगामूळ येथे पहिले कर्ज काढण्याच्या आधी त्यातले निम्मे निघाले असते व पंगत निम्म्यावर आली असती, तर कदाचित जमीन राहिली असती. हे आज दीडशे वर्षांनी बसून बोलणे सोपे आहे हे मी जाणतो. माझ्याही घरी हप्त्याने घेतलेली एक दुचाकी तीन वर्षे झाकून उभी होती; चालविण्यास तेलाला पैसे नव्हते आणि विकण्यास मन होत नव्हते. शेवटी ती भंगाराच्या भावाने गेली, आणि तिचा हप्ता त्यापुढेही सात महिने चालू होता. पहिल्याच वर्षी विकली असती तर देणे फिटून चार पैसे उरले असते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांस माहीत आहे. तिरुपतीजवळच्या रानात त्या कुटुंबाने अकरा दिवस झाडपाल्यावर व पाण्यावर काढले. वडील वारले. आई रायचुरास वारली. तिरडीस खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा मुलीनेही खांदा दिला. थोरली बहीण पटकीने गेली. उरली रमाबाई व भाऊ श्रीनिवास. दोघांनी हिंदुस्थान पायी पालथा घातला. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती निजली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथल्या पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणीने विवाह केला, व आसामाकडे काचार जिल्ह्यात सिलचर येथे संसार मांडला.

हे त्यांचे पहिले घर. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. ता. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने वारले. विवाहास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. मूल नऊ महिन्यांचे. सासरचे लोक जातीबाहेरच्या विवाहामुळे दुरावलेले. माहेरचे कोणी जिवंत नाही. आणि नवरा मागे काही देणे ठेवून गेलेला.

अशा वेळी आपल्या खेड्यात काय होते ते पाहा. तेराव्याचे जेवण कर्ज काढून होते. घर विकू नका, नवऱ्याची आठवण आहे, असे शेजारणी सांगतात. सावकारही गोड बोलतो, की घाई काय आहे, व्याज देत राहा. व्याज देत राहिले की घर आपोआप त्याचे होते. फक्त चार-पाच वर्षे जास्त लागतात आणि मधल्या काळातली सारी मिळकत त्याच्याकडे जाते.

रमाबाईंनी ते छोटे घर विकले व देणी भागविली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. ह्या गोष्टीस तेथे एक ओळ मिळते, जास्त नाही. मला मात्र त्यांच्या सर्व पराक्रमांत ही एक ओळ फार मोठी वाटते. ज्या मुलीस जन्मापासून घर नव्हते, तिने मिळालेले एकमेव घर दुःखाच्या त्या दिवसांतच मोजून काढले. त्याची किंमत किती, देणे किती, आणि आपणांस व मुलीस त्यातून काय लागते, हे पाहिले. व जे ठेवून व्याज भरावे लागले असते ते देऊन टाकले. विधवा म्हणून दया मागितली नाही. वडिलांनी सर्व काही शेवटपर्यंत धरून ठेविले व शेवटी मातीमोलाने दिले. मुलीने वेळेवर दिले आणि त्या घराच्या दारातून मोकळी बाहेर पडली.

त्या वर्षी त्या पुण्यास आल्या. व्याख्याने दिली, आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून छापले. त्या पुस्तकाच्या पैशांतून १८८३ साली त्यांनी विलायतेचे भाडे भरले. तेथे वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहण्याचे ठरले, तेव्हाही अन्नवस्त्र फुकट घ्यावयाचे नाही. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावयाचे व त्याच्या मोबदल्यात राहावयाचे, असे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात संस्कृत शिकवून त्या स्वतः शिकत राहिल्या. बाईंच्या अंगी अभिमान पुष्कळ होता, त्याविषयी त्यांच्या इंग्रज स्नेह्यांची कुरकुरही असे; पण फुकटचे न घेण्याचा त्यांचा हा हट्ट अभिमानापेक्षा अनुभवातून आला होता, असे मला वाटते. ज्याने भांडी विकलेली पाहिली आहेत त्यास मिंधेपणाची किंमत कळते.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले व त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि विधवांच्या शाळेकरिता दरसाल पाच हजार डॉलर, दहा वर्षेपर्यंत देण्याचे त्या मंडळीने कबूल केले. ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले.

दहा वर्षांची हमी म्हणजे कोणासही निर्धास्त करणारी गोष्ट. रमाबाई निर्धास्त झाल्या नाहीत. अकराव्या वर्षी काय, हा हिशेब त्यांनी आरंभापासून मनात धरिला होता. म्हणून स्नेह्यांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पुण्यापासून आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली व तीत संत्री, लिंबे, आंबे अशी फळझाडे लावली. झाडे फळास येतील तोपर्यंत अमेरिकेची मुदत संपत येईल, असा त्यात अंदाज होता. १८९३ साली धर्मांतराच्या गवगव्यामुळे वीसाहून अधिक मुली शारदासदनातून काढून नेल्या गेल्या, पुष्कळ स्नेही तुटले. पण बाग वाढत होती.

केडगावापासून सुपे गाव फार दूर नाही. १८७५ च्या मे महिन्यात त्याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती, आणि तो दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला होता. त्यावर सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. ज्या मातीत कागद जाळून कर्ज बुडविण्याची खटपट झाली, त्याच मातीत एक बाई झाडे मोजून खर्चाची तजवीज करीत होती, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. त्या शेतकऱ्यांस मी दोष देत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि कागदावर काय लिहिले आहे हे फक्त सावकारास ठाऊक होते. रमाबाईंस लिहिता येत होते व त्या हिशेब लिहीत. असोसिएशनकडे जाणारे वार्षिक अहवाल छापून निघत.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बाईंस आपले तिरुपतीचे रान आठवले व त्या स्वतः तेथे जाऊन शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले. १८९८ साली दहा वर्षे संपली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुक्तिसदनाचा पाया घातला गेला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ठरलेले उत्पन्न नाही, पाठीशी मोठी संस्था नाही. आणि येथेही, वडिलांच्या आश्रमात होता तसाच, पाहुण्यांचा लोंढा दारी आला होता. फरक इतका की, गंगामुळास जेवणारे जेवून जात. केडगावास जेवणाऱ्यांच्या हाती काम होते. कोणी मागावर बसे, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी मळ्यात, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. विहिरी खणल्या, इमारती एकामागून एक उठल्या. त्याच छापखान्यात बाईंचे मराठी बायबल मुलींनी जुळविले. ते काम हातावेगळे झाले आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी डोळे मिटले. कन्या मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती.

ही हकीकत मी नावड्यास पुढच्या बैठकीत सांगितली. सांगून झाल्यावर त्या भावास वहीचे एक पान फाडून दिले व त्यावर तीन रकाने आखून दिले. पहिल्यात कोणाचे किती देणे व त्यावर व्याज किती. दुसऱ्यात घरात येणारे पैसे, आणि मीठमिरचीपासून मोबाईलच्या पैशांपर्यंत जाणारे पैसे. तिसऱ्यात, वर्षभरात ज्यास कोणी हात लावला नाही अशी घरातली प्रत्येक वस्तू. पहिला रकाना त्याने लाजत भरला. दुसरा भरताना बायकोशी दोनदा तंटा झाला, कारण तंबाखूचे पैसे त्याने लिहिले नव्हते. तिसरा मात्र भरेना. लग्नात भाड्याने मिळाले असते असे मोठाले टोप, बंद पडलेला पंप, जाळी मोडलेले कपाट, आणि ती मोटारसायकल, जिच्यावरून कामावर जाण्यापेक्षा कंपनीच्या बसने जाणे स्वस्त पडते. शेवटी पंप आणि टोप गेले. सर्वांत जास्त व्याजाचे जे देणे होते, त्यात ते पैसे त्याच दिवशी भरले. मोटारसायकलीचा विचार चालू आहे. मी आग्रह करीत नाही, कारण माझी दुचाकी मला आठवते.

त्या बैठकीत त्याची म्हातारी आई भिंतीस टेकून बसली होती. ती सगळे ऐकत होती की पेंगत होती हे मला कळले नव्हते. मी निघालो तेव्हा तिने मला थांबविले, व रमाबाईंच्या आईची ती तांब्यापितळेची भांडी शेवटी कोणी विकत घेतली, असे विचारले. मला ते सांगता आले नाही. तेव्हा ती म्हणाली की, तिच्या लहानपणी भाताचे पीक गेले त्या वर्षी त्यांचाही एक हंडा असाच गेला होता, आणि तो ज्या घरी गेला ते घर तिला ठाऊक होते. पुढे कितीतरी वर्षे त्या दारावरून जाताना ती आत पाहत असे.